निर्देशांक हिरवा, तरी छातीत घरघर

१. जुलैत पावसाने धूळ बसते, मुंबईच्या हवेचा निर्देशांक हिरवा होतो आणि नेमका तेव्हाच मला दम्याचा पंप लागतो. कित्येक वर्षं मी खापर फोडलं ते समोरच्या खोदकामावर. मग एका वहीत धाप लागल्याच्या तारखा टिपल्या. उन्हाळा जवळजवळ कोरा, जुलै ते ऑक्टोबर भरलेला! निर्देशांकात 8 प्रदूषक धरतात. बुरशीचे बीजाणू त्यांत नाहीत.

२. त्वचेची चाचणी करून घ्या. हातावर थेंब, हलकी टोच, आणि पंधरा-वीस मिनिटांत माझ्या हातावर ॲस्परजिलस आणि अल्टरनेरिया या बुरशांच्या जागी गांधी उठल्या. चाचणीआधी काही दिवस, डॉक्टरांना विचारून, ॲलर्जीच्या गोळ्या थांबवाव्या लागतात. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिली खेप वाया गेली.

३. ॲस्परजिलसचा बीजाणू जेमतेम 2 ते 3 मायक्रॉनचा. नाकातल्या केसांना चुकवून तो थेट फुप्फुसात उतरतो.

४. पहाटेची हवा सगळ्यांसाठी शुद्ध नसते. क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया कोरड्या वाऱ्यावर दिवसा उडतात. पण कित्येक बुरशांना बीजाणू फेकायला ओलावाच हवा असतो, त्यामुळे त्या पावसानंतर, रात्री आणि पहाटे जोर धरतात. पावसाळ्यात मी फिरायची वेळ बदलली. हवेतल्या बीजाणूंचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. औरंगाबादला प्रा. एस. टी. टिळक यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं, हवेचे नमुने टिपणारं एक यंत्र त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. ही मोजणी रोज लोकांपर्यंत पोचायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

५. भिंत रंगवून बुरशी जात नाही. कपाटामागची भिंत आम्ही दोनदा रंगवली. दोन्ही वेळा गणपतीच्या आत पोपडे धरले, काळे ठिपके उमटले आणि तोच कुबट वास. बाहेरचा गळका पाइप बदलला तेव्हा कुठे भिंत सुकली. ठिपके कोरड्या झाडूने खरवडू नका, खोलीभर उडतात. मेलेल्या बीजाणूंनीही ॲलर्जी होते, म्हणून मास्क लावून ओल्या फडक्यानेच पुसा, आणि दमेकऱ्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

६. ओल नको म्हणून झोपायच्या खोलीतली कपडे वाळवायची दोरीही काढली.

७. पंप मात्र मी मनाने बंद केला नाही. तुमचाही दमा पावसाळ्यात बळावत असेल, तर तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा. आणि आजच कपाट भिंतीपासून ओढून मागे बघा.