परसातील अनाहूत पाहुणा

मृगाच्या सरी कोसळल्या, की परसातील माती जागी होते. वाफ्यात पेरलेली भेंडी, गवार डोके वर काढते न काढते, तोच तिच्याभोवती कोणी न पेरलेली हिरवळही उगवते. हेच तण. मातीतील पाणी व खत ते बळकावते, रोपांवरचे ऊन अडविते आणि मग भाजी खुरटते.

या तणांत गाजरगवत फार उपद्रवी. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात. पांढऱ्या, बारीक फुलांमुळे काही लोक त्याला चटकचांदणी असेही म्हणतात. हे मूळचे अमेरिका खंडातील. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते आढळले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्याच्या एकेका झाडाला हजारो बिया येतात. वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, पायांच्या चिखलाबरोबरही त्या दूरवर जातात.

या गवताच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते व पुरळ उठते. त्याचे परागकण नाकात गेल्याने शिंका येतात. दमेकऱ्यांना तर धाप लागते. म्हणून ते उघड्या हातांनी कधीही उपटू नये.

मग ते काढावे कसे? वरवर कापून भागत नाही. उरलेल्या बुडख्याला पुन्हा फुटवे येतात. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना आणि झाडाला फुले येण्यापूर्वीच ते मुळासकट उपटावे. हातांत हातमोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडावर रुमाल असावा. काम संपताच हातपाय साबणाने धुवावेत. फुलापूर्वी उपटलेले गवत खड्ड्यात कुजविले, तर त्याचे खत होते. फुलावर आलेले मात्र खतात मिसळू नये. त्यातून बी पुन्हा बागेत येते.

तणनाशक औषधाची फवारणी सोपी वाटते; परंतु वाऱ्याने उडालेले तुषार शेजारची भाजीही जाळतात. अशी औषधे विषारी असल्यामुळे मुलांनी त्यांना हात लावू नये. लहानशा परसाला खुरपे पुरे. खुरपणीनंतर रोपांभोवती पालापाचोळा पसरावा. उजेड न मिळाल्याने नवे तण सहसा उगवत नाही.

निसर्गही या कामी मदत करतो. कुंपणापलीकडे टाकळा दाट वाढला, तर गाजरगवताला जागा उरत नाही. त्याची पाने खाणारे मेक्सिकोतील भुंगेरे १९८४ साली बंगळूरच्या परिसरात मुद्दाम सोडण्यात आले. आज पावसाळ्यात ते महाराष्ट्रातही दिसतात.

तरीही खरा उपाय एकच : वेळेवर केलेली मेहनत. फुलापूर्वी उपटलेले एक झाड पुढच्या वर्षीची हजारो झाडे वाचविते. आज आळसाने राहू दिलेले तेच झाड उद्या साऱ्या आळीचे दुखणे होते.