पन्नास सेकंदांचा ऐवज

धुळे

चिरंजीव बाळ यास,


जळगावहून धाडलेले तुझे पत्र पावले. छायाचित्रकाराच्या दुकानातील उमेदवारी सोडून चलच्चित्रणाची विद्या संपादन करण्यास मुंबईस जाण्याचा तुझा मनसुबा कळला. माझा त्यास उजर नाही. मात्र निघण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घे.

मारिउस सेस्तिए हा मूळचा औषधविक्रेता असलेला फ्रेंच गृहस्थ ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी म्हणून ऑस्ट्रेलियास जाता जाता मुंबईस उतरला आणि ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात त्याने चलच्चित्रांचा खेळ केला. त्याच वर्षी मेलबर्नच्या घोडशर्यतीही त्याने टिपल्या. त्याच्या पेटीत फीत मावे ती सुमारे १७ मीटर, म्हणजे जेमतेम पन्नास सेकंदांचा ऐवज. सबब मूठ फिरविण्यापूर्वीच काय टिपावयाचे, हे मनाशी मुक्रर करणे त्यास भाग होते. पुढे आपल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये तो रोखला हँगिंग गार्डनमधील कुस्तीवर. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांचे मुंबईतील स्वागतही टिपले. यंत्र परदेशचे खरे, परंतु त्यापुढे काय ठेवावे याचा निवाडा त्यांचा स्वतःचा होता.

हा निवाडा मला साधला नाही. तरुणपणी एकवीरेच्या यात्रेस उसना पेटी-कॅमेरा घेऊन मी पांझरेकाठी गेलो, आणि पाळणे, रेवड्यांची दुकाने, धुळीने माखलेले बैल अशा दिसेल त्यावर आठही चित्रे सकाळीच खर्ची घातली. तिसऱ्या प्रहरी पालखी हातभर अंतरावरून गेली, तेव्हा खांद्यावर रिकामी पेटी लोंबत होती.

म्हणून एक महिना कॅमेऱ्यास हात न लावता, रोज सायंकाळी जिनिंगच्या फाटकापाशी घड्याळ घेऊन बैस. कापसाच्या गाड्यांची रांग, काट्यावरची घासाघीस, जू उतरताच बैलाने झटकलेली मान, यांपैकी कोणते पन्नास सेकंद तू घेशील आणि कोठे उभा राहून घेशील, ते रोजकीर्दीप्रमाणे तारीखवार लिहून ठेव. महिनाअखेर ती वही मजकडे पाठव; मुंबईच्या खर्चाची तजवीज मी करतो.

कळावे. प्रकृतीस जपावे.

तुझा,
काका