पाटाच्या कडेने दोनशे किलोमीटर

श्रीरामपुरात पहाटे सायकल काढणारी मंडळी आता पुष्कळ झाली आहेत. कोणी नेवासा रोडने जातं, कोणी बाभळेश्वरच्या दिशेने, तर गुरुवारी शिर्डी करून येणारेही आहेत. काहींनी बीआरएमच्या राइड पूर्ण केल्या आहेत: दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत. हा सराव खरा आहे आणि त्यामागची मेहनतही खरी आहे. मात्र यातलीच मुलं गेल्या दोन-तीन वर्षांत म्हणू लागली आहेत की आता डांबर पुरे, रानातून मोठा पल्ला मारायचा. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, कारण असा एक पल्ला आम्ही मारला आणि त्यातला आमचा एक सोबती दवाखान्यात पोहोचला.

आमचा बेत प्रवरेच्या काठाचा होता. टोक्याला प्रवरासंगमावर ही नदी गोदावरीला मिळते. तिथून निघायचं आणि डांबर शक्य तितकं टाळून, पाटाचे रस्ते, शिवाररस्ते आणि गाडीवाटा धरत उलट दिशेने रतनवाडीपर्यंत जायचं. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि पायथ्याशी अमृतेश्वराचं मंदिर आहे. अंतर सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत बेलापूर, कोल्हार, आश्वी, मग ज्या बंधाऱ्यातून प्रवरेचे दोन्ही कालवे निघतात तो ओझर, पुढे संगमनेर, अकोले, राजूर आणि १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण. आमच्या तालुक्याचा ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, ते पाणी जिथून येतं तिथवर स्वतःच्या पायांनी जायचं, ही कल्पना आम्हा सगळ्यांनाच फार भावली होती. आजही भावते.

पहिली गोष्ट हिशेबाची. डांबरावर ताशी पंचवीसने जाणारा सायकलस्वार पाटाच्या मुरमाड रस्त्यावर बारा-चौदाने जातो. नांगरट झालेल्या शेताच्या बांधावर तो उतरून चालतो. ओल्या काळ्या मातीत तासाला तीन किलोमीटर झाले तरी खूप. तेव्हा रानातल्या पल्ल्याची तयारी किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, ती तासांत मोजावी लागते. सायकलवर सलग चौदा-सोळा तास काढता येतात का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसता येतं का, एवढंच विचारायचं. शनिवारी सहा तास आणि रविवारी थकल्या पायांनी पुन्हा पाच तास, असा जोडसराव एका दिवसाच्या शतकापेक्षा कितीतरी जास्त शिकवतो. सराव करायचा तोही पूर्ण ओझ्यासह: पाणी, हत्यारं, खाणं, दिवे, सगळं सायकलवर बांधून.

आपल्याकडे चढ नाहीत ही अडचण सगळे सांगतात. श्रीरामपूरचा मुलूख सपाट आहे हे खरं, पण पावसाळ्याआधी पश्चिमेकडून येणारं वारं तोंडावर घेऊन पाटाच्या कडेने दोन तास चालवलं तर मांड्यांना चढाचाच कस लागतो. खऱ्या चढासाठी इमामपूरचा घाट आहे आणि संगमनेरच्या पुढे चंदनापुरीचा. तिथे सायकल चालवण्याइतकीच ती ढकलण्याचीही सवय करा. रानातल्या चढावर सायकल ढकलावी लागतेच, आणि त्यात पोटऱ्या, कंबर आणि बुटांचे तळवे यांची परीक्षा होते. गुळगुळीत तळव्याचे बूट रस्त्यावर चालतात, दगडावर घसरतात.

आता पावसाची गोष्ट. फेब्रुवारीच्या शेवटी निघालो होतो. आभाळ निरभ्र, रात्री गारवा, दिवसा ऊन. बेलापूर मागे पडल्यावर अंधारातच अवकाळी सर आली. फार तर अर्धा तास पडली असेल, पण काळ्या मातीला तेवढा पाऊस पुरतो. चाकाला माती धरू लागली, मग चिमट्यात भरली, ब्रेकपाशी साचली आणि चाक फिरायचं थांबलं. अशा वेळी जोराने पॅडल मारणाऱ्याचा मागच्या गिअरचा हँगर वाकतो किंवा तुटतो. आमच्यातल्या एकाचा तुटला. बोटभर लांबीचा तो अॅल्युमिनियमचा तुकडा प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि आपल्या गावात तो ऐन वेळी मिळत नाही. म्हणून स्वतःच्या सायकलचा एक जादा हँगर सीटखालच्या पिशवीत कायमचा असावा. सोबत चेन तोडायचं हत्यार आणि जोडकडी. हँगर गेला तरी चेन आखूड करून एकाच गिअरवर सायकल पुढच्या गावापर्यंत नेता येते. हे घरी, उजेडात, दोनदा करून पाहा.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात अनबाउंड ग्रॅव्हल नावाची दोनशे मैलांची मातीच्या रस्त्यांवरची शर्यत होते. २०२३ साली तिथे सुरुवातीच्याच टप्प्यात असाच चिकट चिखल लागला आणि जगभरातल्या नावाजलेल्या स्वारांना सायकली खांद्यावर घेऊन चालावं लागलं. तिथले अनुभवी लोक रंग ढवळायची चपटी लाकडी पट्टी सोबत ठेवतात आणि चिखल घट्ट बसण्याआधीच खरवडून काढतात. आपल्याकडे बांबूची कामटी तेच काम करते. काळी माती ओली दिसली की चाक अडकेपर्यंत वाट पाहू नका. उतरा, सायकल उचला आणि गवत असलेल्या कडेने चाला.

पाटाच्या रस्त्याबद्दल एक गोष्ट कुठल्याही नकाशात सापडत नाही. आवर्तन सुटलेलं असलं की पाझराने रस्ता कोरड्या दिवसांतही ओला होतो, चाऱ्या फुटलेल्या असतात, मोऱ्यांवरून पाणी वाहतं. कुठला काठ चालू आहे, कुठे रस्ता खचला आहे, हे फक्त पाटकरी सांगू शकतो. त्याला आदल्या दिवशी फोन करा किंवा जाऊन भेटा. आणि भरल्या पाटाच्या अगदी कडेने कधीच सायकल चालवू नका. अस्तरीकरण झालेल्या पाटात पडलेल्या माणसाला गुळगुळीत उतारामुळे बाहेर येता येत नाही.

काट्यांविषयी आपल्या भागात वेगळं सांगायला नको. बांधावर बाभळीचा काटा आणि पडीक रानात सराटे. साध्या ट्यूबवर इकडे पल्ला मारणं म्हणजे दर तासाला थांबणं. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरलं की सराट्याची भोकं आपोआप बुजतात. मात्र आपल्या उन्हात ते सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेव्हा निघण्याआधी ताजं भरा. तरीही एक ट्यूब जवळ असू द्या, आणि ती बसवण्यापूर्वी टायरमधले सगळे काटे आतून हात फिरवून काढा, नाहीतर ती ट्यूबही लगेच जाते.

आमच्या सोबत्याचं काय झालं ते आता सांगतो, कारण या लेखाचं खरं कारण तेच आहे. पेशाने शिक्षक, चाळिशीतला, आमच्यात सर्वांत नियमित सराव असलेला माणूस. सर ओसरल्यावर दिवस चांगलाच तापला. वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर लोक मायेने थांबवत होते, हातात तांब्या देत होते, आणि ‘ऊन फार आहे, पाणी प्या’ हा सल्ला तर प्रत्येक जण देतोच. तो पीत राहिला, तहान नसतानाही. खाणं मात्र नकोसं झालं होतं. ओझरच्या अलीकडे त्याचं डोकं दुखू लागलं, मळमळ सुरू झाली, बोटातली अंगठी घट्ट झाली. पाणी कमी पडलंय असंच कोणालाही वाटलं असतं. थोड्याच वेळात तो विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देऊ लागला. त्याला तातडीने संगमनेरला नेलं. तिथे रक्त तपासलं, तेव्हा सोडियम फार उतरलेलं निघालं. वेळेत पोहोचल्यामुळे तो बरा झाला.

रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. दीर्घ श्रमात शरीर लघवी रोखून पाणी धरून ठेवतं. अशात नुसतं पाणी पोटात जात राहिलं की रक्त पातळ होतं, पेशी फुगतात, मेंदूही फुगतो. बोस्टन मॅरेथॉनच्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३ टक्के लोकांचं सोडियम उतरलेलं आढळलं होतं. धावताना ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. वजन वाढलं म्हणजे घामाने गेलं त्याहून जास्त पाणी पोटात गेलं.

म्हणून तहान लागेल तेव्हा आणि तेवढंच प्या. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पुडी एक लिटरची असेल तर एक लिटरमध्येच घाला, चवीसाठी पातळ करू नका. ओआरएससुद्धा तहानेपेक्षा जास्त प्यायलं तर धोका टळत नाही. सरावाच्या दिवशी निघण्याआधी आणि आल्यावर वजन करा. एक-दोन टक्के कमी झालं तर ठीक, त्याहून जास्त घटलं तर पिणं कमी पडलं, आणि वाढलं तर सावध व्हा. डोकं दुखतंय, हात सुजलेत, लघवी होत नाही आणि माणूस गोंधळलाय, अशा वेळी त्याला आणखी पाणी पाजू नका. सायकल सोडा, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात पोहोचताच तो किती तास चालवत होता आणि किती पाणी प्यायला हे आधी सांगा. भान हरपलेल्याला तर तोंडाने काहीच द्यायचं नाही.

खाण्याचं गणित याला जोडूनच येतं. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर दोन-तीन तासांच्या जोरकस श्रमात संपत येते. त्यामुळे पहिल्या तासापासून दर तासाला ४० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, गुळाची दशमी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, हे सगळं चालतं. महागडी जेल लागतातच असं नाही. शेंगदाण्याचा लाडू चविष्ट असला तरी त्यात तेल जास्त, तो उन्हात पोटात बसून राहतो, म्हणून संध्याकाळसाठी ठेवावा. जे खायचं ते सरावात खाऊन पाहिलेलंच असावं.

हाताकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. रानातले धक्के तळहातावर बसतात, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. ती नस दाबली गेल्याची खूण आहे. हँडलची उंची थोडी वाढवणं, टायरमधली हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवणं आणि पकड सतत बदलणं, याने ते पुष्कळ टळतं. बधिरपणा आठवडाभर राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

रात्रीचा प्रश्न गंभीर आहे. आपल्या उसात बिबट्या आहे हे गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात लहान मुलालाही माहीत आहे. रात्री पाटाच्या रस्त्याने एकट्याने जाऊ नका, बोलत जा, घंटी वाजवत राहा. पंक्चर झालं तर उसाच्या कडेला उकिडवं बसून काढत बसू नका, कारण बसलेला माणूस बिबट्याला लहान सावज वाटतो. टायरचा विचार न करता सायकल ढकलत वस्तीपर्यंत किंवा मोकळ्या माळावर जा. गळीत हंगामात पहाटे तीन-चारपासून ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या आणि जोडट्रॉलीचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. वाट त्यांची आहे, आपण थांबायचं.

शेजारच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली रेस अॅक्रॉस अमेरिका ही सुमारे चार हजार आठशे किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी मुलांनी सायकली घेतल्या. पण त्या शर्यतीत मदतनिसांची गाडी सोबत असते. पाटाच्या कडेला गाडी येत नाही. राजूरच्या पुढे मोबाइलची रेंजही अनेक ठिकाणी जाते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते आणि जंगलातल्या पायवाटांवर परवानगीशिवाय सायकल घालता येत नाही. म्हणून कुठल्या गावातून किती वाजता फोन करणार, आणि फोन आला नाही तर किती वेळाने कोणी शोधायला निघायचं, हे कागदावर लिहून घरी ठेवा.

तालुक्यात अशा राइड भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. टी-शर्ट आणि पदकांचा खर्च थोडा कमी करा. प्रत्येक टप्प्यावर एक वजनकाटा, ओआरएसच्या पुड्या आणि वजन वाढलेल्या स्वाराला थांबवण्याचा अधिकार असलेला एक माणूस ठेवा. मार्च ते जून या महिन्यांत तारीखच ठेवू नका. दिवाळीनंतर, वाफसा झाल्यावर, पाटकऱ्याला विचारून दिवस ठरवा.