मट नव्याने मांडताना

कमांड लाइनवरचा ईमेल प्रोग्राम नीट चालतो तोवर त्याच्या कॉन्फिग फाइलकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मग एक दिवस पत्रं यायची थांबतात आणि घाईघाईने सगळंच नवं करायचं ठरतं. मी या फेऱ्यातून गेलो आहे, म्हणून कळकळीने सांगतो: सगळं एकदम बदलू नका, आणि पत्रं पुसण्याचा अधिकार नव्या मांडणीला सर्वांत शेवटी द्या.

मी मट वापरतो. मायकल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम. टर्मिनलमध्ये पत्रांची यादी, जे आणि के या कळांनी खाली-वर, डी दाबलं की पुसण्याची खूण. लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्यांपैकी अनेकांचं काम आजही त्याच्यावरच चालतं, कारण तिथे पॅच साध्या मजकुरात पाठवावा लागतो आणि वाटेत टॅबच्या जागी स्पेस आल्या तरी तो लागत नाही.

आमच्या संस्थेतल्या मांडणीत तीन प्रोग्राम होते. ऑफलाइनआयमॅप सर्व्हरवरून पत्रं उतरवायचा, मट ती दाखवायचा, एमएसएमटीपी पाठवायचा. मशीनवर लिनक्सची नवी आवृत्ती चढली आणि पायथन २ गेलं. त्याचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० लाच संपला होता, पण आमचं ऑफलाइनआयमॅप त्याच्यावरच उभं होतं. त्याच सुमारास मेलसेवेने नुसत्या पासवर्डवर आत घेणं बंद केलं. बोंब झाली ती मात्र ‘मट बंद पडला’ अशी. मट ठणठणीत होता! म्हणून आधी तिन्ही भाग सुटे चालवून पाहा. उतरवणारा प्रोग्राम एकटा चालवा, एमएसएमटीपीने स्वतःलाच दोन ओळी पाठवा, मट कोऱ्या कॉन्फिगवर उघडून जुनी पत्रं दिसतात का बघा. नेमकं काय मोडलंय ते कळलं की निम्मी घाई ओसरते.

पासवर्डच्या प्रश्नातून आता फारसं कोणी सुटत नाही. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर नुसत्या नाव-पासवर्डाने शिरणाऱ्या प्रोग्रामना दार लावलं. मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज ऑनलाइनवर १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने तेच केलं. जीमेलवर दुहेरी पडताळणी चालू असेल तर सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड चालतो आणि एकट्या माणसाला तेवढा पुरतो. एक्सचेंज ऑनलाइनवर मात्र ओऑथ, म्हणजे पासवर्डऐवजी टोकन दाखवून आत शिरणं, लागतं. मटमध्ये त्याची सोय आहे. सोबत येणारी पायथन स्क्रिप्ट टोकन आणते आणि जीपीजीने कुलूपबंद ठेवते. रिफ्रेश टोकन म्हणजे पासवर्डच समजा. कॉन्फिग गिटवर चढवताना तो सोबत जात नाही ना, हे डोळ्यांनी तपासा. दुसऱ्या एखाद्या मेल प्रोग्रामची क्लायंट आयडी उसनी घ्यायचा सल्लाही मिळेल. संस्थेच्या कामाला तो मुळीच घेऊ नका. ॲडमिनच्या मागे लागून रीतसर नोंदणी करून घ्या, मग चार हेलपाटे पडले तरी चालतील.

खरा धोका सिंकमध्ये आहे. आम्ही ऑफलाइनआयमॅपच्या जागी एमबीसिंक आणला. पत्रं मेलडिर पद्धतीने राहतात, म्हणजे प्रत्येक पत्राची एक स्वतंत्र फाइल. त्या फाइलचं नाव वाचायला शिका. शेवटच्या अक्षरांत एस असेल तर पत्र वाचलेलं, आर असेल तर उत्तर दिलेलं, टी असेल तर पुसायला काढलेलं. त्याच्या अलीकडे यू, बरोबरचं चिन्ह आणि एक आकडा दिसतो. तो एमबीसिंकने लावलेला असतो. एका तरुण सहकाऱ्याने जुनी पत्रं वर्षवार लावण्यासाठी साध्या एमव्ही कमांडने फाइली हलवल्या. आकडे फाइलींबरोबर नव्या फोल्डरात गेले, तिथल्या पत्रांचे तेच आकडे आधीपासून होते, आणि ‘डुप्लिकेट यूआयडी’ म्हणून सिंक अडला.

“सर, मेल गेले का हो?” म्हणत तो धावत आला.

गेले नव्हते. मांडणी तेव्हा एकाच दिशेने चालत होती: सिंक ‘पुल’वर, एक्सपंज, म्हणजे खूण केलेली पत्रं कायमची पुसणं, ‘नन’वर. ती दुतर्फा असती आणि एक्सपंज दोन्हीकडे चालू असता, तर मूळ फोल्डरातून हललेली पत्रं ‘इथे पुसली’ असं धरून सर्व्हरवरूनही पुसली गेली असती. आम्ही नावांतला आकड्याचा तुकडा काढला आणि गाडी सुरू झाली. तेव्हा नवी मांडणी निदान महिनाभर नुसती उतरवणारीच ठेवा, आणि त्याआधी सगळ्या मेलडिरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. जुन्या मार्गदर्शकांत दोन बाजूंना मास्टर-स्लेव्ह हे शब्द असतात, एमबीसिंकच्या १.४ आवृत्तीपासून फार आणि नियर आले. नक्कल करताना कोणती बाजू कोणती हे उलटं लावू नका. जीमेलवाल्यांनी इनबॉक्स आणि ऑल मेल दोन्ही उतरवले तर एकच पत्र डिस्कवर दोनदा बसतं.

हे स्थिरावलं की मगच कॉन्फिगची छाटणी. जुन्या फाइलला हात लावू नका. शेजारी नवी फाइल करून मट तिच्यावर उघडा, तेही ‘आर’ पर्यायाने, म्हणजे पत्रं फक्त वाचता येतात. जी ओळ कशासाठी आहे ते सांगता येत नाही, ती नव्या फाइलमध्ये न्यायची नाही. रंग आणि साइडबार ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. पण हाताला बसलेल्या कळा बदलू नका. बदललेल्या कळांवर भलतीच पत्रं पुसली जातात. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र २०१९ पासूनचा एईआरसी बघावा; तो खातं जोडताना स्वतःच प्रश्न विचारत पुढे नेतो.

बँकेची आणि तिकिटांची बरीच पत्रं एचटीएमएलमध्येच येतात. ती डब्ल्यू३एमने मजकुरात उतरवून वाचा. चित्रं मागवली जात नाहीत, त्यामुळे छुप्या चित्रावरून पत्र कधी उघडलं याचा माग पाठवणाऱ्याला लागत नाही. प्रत्येक पत्र आपोआप ब्राउझरात उघडायची सोय केली तर हा लाभ गेला.

मराठीत पत्रव्यवहार असेल तर लोकॅल यूटीएफ-८ आहे ना, ते पाहा आणि टर्मिनल पारखून घ्या. एक्सटर्ममध्ये जोडाक्षरं सुटी पडतात, यादीतले रकाने सरकतात. त्याचं खापर मटवर फोडू नका. मी एमएलटर्मकडे वळलो. बहात्तर रकान्यांवर ओळ तोडायची जुनी रीत पॅचपुरतीच ठेवा, कारण फोनवर अशा ओळी अर्ध्यात तुटून दिसतात. साध्या पत्रात परिच्छेद सलग एका ओळीत लिहा. नव्या मांडणीतून पहिलं मराठी पत्र स्वतःच्याच पत्त्यावर धाडा आणि ते फोनवर उघडून विषयाची ओळ, ऱ्य-ऱ्हसारखी अक्षरं आणि जोडलेल्या फाइलचं मराठी नाव शाबूत आहे का ते पाहून घ्या.