उद्या म्हणजे कोणता वार?

‘आज रोख, उद्या उधार’ ही दुकानातील पाटी आपण सर्वांनीच वाचली आहे. तिच्यातील गंमत अशी की, दुसऱ्या दिवशी गेले तरी ती ‘आज रोख’च म्हणते! चालढकल करणाऱ्याच्या मनात हीच पाटी टांगलेली असते. या स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र आले, तेव्हा ‘उद्या बसू’ असे आम्हीही म्हटले. मग कपाट आवरले, जुनी वर्तमानपत्रे लावली आणि अगदी अखेरच्या दिवशी लेखणी हाती घेतली. विषय मात्र आयताच मिळाला.

परंतु ही गोष्ट नेहमीच हसण्यावारी नेता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज सहीसाठी आमच्या टेबलावर होता. काम दोन मिनिटांचे. ‘उद्या करू’ म्हणता म्हणता मुदत टळली. मुलगा एवढेच म्हणाला, ‘‘असू दे, सर.’’ आमच्या आळसाची किंमत त्याने भरली, हे आम्हांस आजही टोचते.

आम्ही ज्यांना हजरत ईसा म्हणतो आणि आमचे ख्रिस्ती शेजारी प्रभु येशू म्हणतात, त्यांनी सांगितलेला दहा कुमारींचा दृष्टान्त मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. वराला उशीर झाला, तेव्हा दहाही जणी झोपी गेल्या. म्हणजे विसावा घेणे हा दोष नव्हे. पाच जणींनी जादा तेल आधीच घेतले होते. उरलेल्या पाच मध्यरात्री तेल आणावयास धावल्या आणि दार बंद झाले. आपल्या जोयडा तालुक्यातील माणसाला हे वेगळे समजावून सांगावयास नको. मृगापूर्वी सरपण रचले नाही, तर चुलीत धूर आणि डोळ्यांत पाणी!

कोणी म्हणेल, ‘‘त्याच ग्रंथात उद्याची चिंता करू नका असेही सांगितले आहे ना?’’ होय, आळशी माणसाचे हे आवडते वचन! पण उद्याची चिंता सर्वांत जास्त कोणाला असते? आजचे काम उद्यावर ढकलणाऱ्याला. उद्याच्या डोक्यावर दोन दिवसांचे ओझे ठेवून निश्चिंत कसे राहता येईल? कुराणातील सूरए कहफमध्येही ‘उद्या करीन’ म्हणताना अल्लाहच्या इच्छेची आठवण ठेवण्यास सांगितले आहे. आम्ही मात्र ‘इन्शाअल्ला’चा अर्थ ‘आशा सोडा’ असा करून ठेवला आहे! उद्या आपल्या मालकीचा नाही, हेच दोन्ही ठिकाणचे शिक्षण होय.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शाळेचे शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय लिहून पुरे केले. १९३६ साली त्या गेल्या. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. ‘मला कोठे येते?’ म्हणून त्या थांबल्या असत्या तर? साठ अध्यायांचा डोंगर एकदम उचलला जात नाही; एकेक ओवी मात्र लिहिता येते.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवितो. मोठ्या कामाचा पहिला लहान तुकडा ठरवावा. त्याला वेळ नेमून द्यावी. नमाजाला किंवा चर्चच्या घंटेला असते तशी ठरलेली. दोन मिनिटांचे काम उभ्या उभ्या करून टाकावे. आपला बेत घरातील एखाद्यास सांगावा. मुले आठवण करून देण्यात फार तत्पर असतात!

आणि उशीर झालाच असेल, तर लाजेने आणखी उशीर करू नये. द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात दिवस मावळता मावळता आलेल्या मजुरालाही धन्याने पुरी मजुरी दिली. पण तोही मळ्यात उतरला, तेव्हाच ती मिळाली.

आता कोणताही अर्ज आमच्या टेबलावर रात्र काढीत नाही. त्या मुलाचे ऋण फेडण्याचा एवढाच मार्ग आमच्या हाती उरला आहे.