कुठपर्यंत येतंय?

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि प्रत्यक्ष शाळेत काढायचे आठवडे वीसवर गेले. कागदोपत्री त्याला आंतरवासिता म्हणतात. त्यातला मोठा भाग मी परळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत, सहावीच्या वर्गात काढला. गिरगावातून निघायचं, चर्नी रोडला गाडी पकडायची, प्रभादेवीला उतरून परळच्या बाजूला यायचं. वर्गात ३१ मुलं. कॉलेजच्या फाइलमध्ये माझे सगळे पाठ, शेरे, सह्या नीट लावून ठेवल्या आहेत. इथे लिहितेय ते मात्र त्या फाइलच्या कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

१. पाठ उत्तम झाला आणि मुलांना काहीच समजलं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच तासात घडू शकतात.
माझा पहिला पाठ मराठीचा होता. टाचण तीनदा उतरवून काढलं होतं: उद्दिष्टं, प्रस्तावना, साधनं, फलकलेखन. रात्री जागून तक्ते रंगवले होते. मुलं हात वर करत होती, उत्तरं येत होती. मागे बसून निरीक्षण करणाऱ्या बाईंनी शेराही चांगला दिला. मधल्या सुट्टीत मी वह्या तपासायला घेतल्या. सगळ्यांनी फळ्यावरचं उतरवून घेतलं होतं. लिहिताना एके ठिकाणी माझा खडू तुटला होता आणि एक वेलांटी अर्धीच राहिली होती. एका वहीत ती वेलांटी तशीच, अर्धी होती. त्या मुलाने शब्द लिहिला नव्हता, शब्दाचं चित्र काढलं होतं. मग ध्यानात आलं की तासभर हात वर करणारी मुलं तीच सात-आठ होती. मी ३१ जणांना शिकवलंच नव्हतं. आठ जणांशी बोलले होते आणि बाकीच्यांनी मला शांतपणे बोलू दिलं होतं.

२. वाचता न येणारं मूल ते फार हुशारीने लपवतं.
अर्ध्या वेलांटीचा तो मुलगा तिसऱ्या बाकावर बसायचा. दुसऱ्या दिवशी मी त्याला उभं केलं. त्याने ओळीवर बोट ठेवून अख्खा परिच्छेद म्हणून दाखवला, एकही चूक न करता. बोट मात्र एका ओळीवर होतं आणि तोंडातली ओळ पुढची होती. शेजारच्या मुलीचं वाचन ऐकून त्याने तो परिच्छेद पाठ केला होता. मी पान उलटलं आणि तो थांबला. खाली बघत राहिला. सहा वर्षं हा मुलगा रोज शाळेत आला, हजेरी लागली, इयत्ता चढत गेला, आणि इतकी वर्षं त्याने आपली सगळी बुद्धी हे झाकण्यात खर्च केली.
'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाचे अहवाल आम्ही कॉलेजात अभ्यासाला घेतले होते. ग्रामीण भारतात पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, असं २०२४चा अहवाल सांगतो. ते सर्वेक्षण खेड्यांचं आहे, म्हणून ते दूर कुठेतरी घडतंय असं मी धरून चालले होते. लोअर परळचे काचेचे टॉवर ज्या वर्गाच्या खिडकीतून दिसतात, त्या वर्गात ते माझ्यासमोर उभं राहिलं. 'निपुण भारत' अभियान जुलै २०२१मध्ये सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. ते मला मनापासून पटतं. पण हा मुलगा तिसरीच्या पुढे निघून गेलाय. त्याचं काय, हा प्रश्न मी घरी घेऊन गेले.

३. मागे जायचं तर मुलाचा मान राखून जावं लागतं.
मी त्याला पहिलीचं पुस्तक आणून दिलं. मला वाटलं, अगदी शास्त्रशुद्ध केलं. त्याने पुस्तक घेतलं आणि मुखपृष्ठ आत दुमडलं, कुणाला दिसू नये म्हणून. माझा चेहरा उतरला. त्याचं दुखणं मी चारचौघांत उघडं पाडलं होतं.
बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांवर मी परीक्षेत भलंमोठं उत्तर लिहिलं होतं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बोर्डीला बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द आपल्या भाषेत आला. उत्तराला गुण चांगले मिळाले होते. अर्थ आत्ता समजला. या मुलाचं अंगण म्हणजे रस्ता. मग आम्ही पुस्तक ठेवून दिलं आणि पाट्या घेतल्या. बसवरच्या, दुकानांवरच्या, स्टेशनांच्या. लालबाग, परळ, शिवडी, भायखळा, चिंचपोकळी, भोईवाडा, हिंदमाता, भारतमाता. यादी करताना मलाच नवल वाटलं: इतक्या नावांत एकही जोडाक्षर नाही! मला जे आधी शिकवायचं होतं, ते त्याच्या वस्तीने जणू आधीच मांडून ठेवलं होतं. ते सगळे शब्द त्याला ठाऊक होते, आता फक्त डोळ्यांना त्यांची ओळख करून द्यायची होती. रोज खिचडीनंतरची वीस मिनिटं आम्ही घेतली. आठवडाभरात आणखी चौघं आपणहून येऊन बसली. तीही इतके दिवस लपवतच होती.

४. हे काही मी शोधून काढलेलं नाही, आणि ते कळल्यावर बरं वाटलं.
मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना जिथवर येतं तिथून शिकवायचं, हा प्रयोग याच शहरात होऊन गेलाय. 'प्रथम' संस्थेने मुंबईच्या पालिका शाळांत 'बालसखी' आणल्या. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली मागे पडलेल्या मुलांचा छोटा गट रोज दोन तास वेगळा घेऊन बसायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा अभ्यास केला, आणि मुलं खरोखर पुढे सरकली, असं दिसून आलं. त्या मुलींकडे माझ्यासारखी पदवी नव्हती. त्यांच्याकडे गट लहान होता, वेळ होता आणि 'तुला कुठपर्यंत येतंय?' हा प्रश्न होता. माझ्या टाचणाच्या वहीत 'पूर्वज्ञान' असा एक रकाना असतो. तो मी घरी बसून, मुलांना न विचारताच भरत होते.

५. फळ्यावर अडणारं मूल गल्लीत अडत नाही.
वर्गातल्या एका मुलीची आई लालबागच्या चिवडा गल्लीत कामाला आहे. संध्याकाळी मुलगीही हाताखाली असते. ३६०चा तीन चतुर्थांश फळ्यावर मांडला, तर ती गप्प. मी विचारलं, "चिवडा ३६० रुपये किलो आहे. मला पाऊण किलो दे. ही पाचशेची नोट." ती लगेच म्हणाली, "दोनशे सत्तर झाले. दोनशे तीस घ्या, बाई." पाव किलोचे नव्वद, त्याच्या तिप्पट, मनातल्या मनात. मी तिला फळ्याशी नेलं आणि सांगितलं, तू आत्ता केलंस तेच हे. ती माझ्याकडे आणि फळ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसेना.
कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा असाच एक अभ्यास २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उलट बाजूही दिसली: शाळेत गणित बरं येणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली. म्हणजे गल्लीचं गणित खरं आणि शाळेचं पोकळ, असंही म्हणून चालणार नाही. त्या मुलीला अपूर्णांक मांडता यायलाच हवेत, नाहीतर ती गल्लीच्या पुढे कशी जाईल? दोन्हींच्या मध्ये कुणीतरी पूल बांधायला हवा. ते काम शिक्षकाचं आहे, आणि ते टाचणात कसं लिहायचं ते मला अजून नीट जमलेलं नाही.

६. 'गृहपाठ का केला नाही?' हा प्रश्न विचारण्याआधी घर पाहावं.
मी तो रागाने विचारला होता. एक मुलगी म्हणाली, "पप्पा नाइटवरून येऊन झोपतात, बाई. लाइट लावायचा नसतो." वडील एका टॉवरमध्ये रखवालदार. घर म्हणजे एक खोली, माणसं सहा. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर १९१२पासून बावीस वर्षं राहिले. ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. 'एवढ्याशा खोलीत राहून ते शिकले, मग तुम्हाला काय झालं?' असं मुलांना सांगताना मी ऐकलंय. खोटं कशाला बोलू, एकदा मीही सांगितलंय.
पण त्यांनी स्वतः काय केलं? मार्च १९२४मध्ये परळच्याच दामोदर हॉलमध्ये सभा भरली, तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झालं. मी सोसलं तसं तुम्हीही सोसा, असं ते म्हणाले नाहीत. मुलांना अभ्यासाला जागा करून दिली. त्यांचं उदाहरण देऊन मुलांना दटावणं मी त्या दिवसापासून सोडलं. गृहपाठही सोडला. शेवटच्या तासातली पंधरा मिनिटं वर्गातच लिहायला देऊ लागले.

७. शिक्षकांविषयी माझं मत शाळेत जाण्याआधीच पक्कं झालं होतं.
सरकारी, पालिकेच्या शाळांतले शिक्षक शिकवत नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आले. एक दिवस मी आमच्या सहावीच्या वर्गशिक्षिका बाईंबरोबर फिरून त्यांचा वेळ टिपला. हजेरीचा कॅटलॉग, खिचडीची नोंद, आधारची जुळणी, ऑनलाइन भरायची माहिती, मतदारयादीच्या कामाचे फोन. त्यातून उरलेल्या वेळात त्या शिकवत होत्या आणि चांगलं शिकवत होत्या. तिसऱ्या बाकावरच्या मुलाबद्दल मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे गं. वेळ कुठून आणू?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, थकवा होता.
सगळेच असे असतात असं नाही. मुलांना 'सवाल उतरवा' सांगून फोन बघत बसणारेही मी पाहिलेत. पण त्यावरून सगळ्यांना एकाच मापाने मोजणं मी बंद केलं. पुढे मलाही पात्रता परीक्षा आणि शिक्षकभरतीच्या 'पवित्र' पोर्टलच्या यादीतून जायचं आहे. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं मानधनावर असतात. प्राथमिकला ते सहा हजार होतं, २०२३मध्ये सोळा हजार झालं. या शहरात सोळा हजारांत कसं भागतं, ते इथल्या कुणालाही सांगायला नको. माझ्या बरोबरच्या निम्म्या मैत्रिणींनी खासगी शाळांचा रस्ता धरलाय. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

८. कॅटलॉग नीट वाचला तर त्यात शहर दिसतं.
गणपतीच्या आठवड्यात आमचा वर्ग अर्धा झाला. कोकणातली मुलं गावी गेली. ती परत आली. काही मात्र दाखला घेऊन गेली ती कायमची. चाळ पुनर्विकासाला गेली, घर नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला. जुने शिक्षक सांगतात, एकेका इयत्तेच्या चार-चार तुकड्या असायच्या. गिरण्यांचा तो काळ. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, मग माणसं गेली, मग पट उतरला.
उरलेल्यांतले कित्येक जण इंग्रजी शाळा धरतात. मला त्यांचा राग यायचा. पालकसभेत एका आईने शांतपणे विचारलं, "तुमच्या घरातली पोरं कुठं जातात, बाई?" माझ्या भावाची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. मी ते खरं सांगितलं. मराठी शाळा टिकावी असं मला आजही तळमळीने वाटतं, पण पालकांना बोल लावून ती टिकणार नाही. त्यांच्या मुलाला वाचता आलं, तर टिकेल.

९. आपण जे पेरतो, ते उगवलेलं पाहायला आपण तिथे असूच असं नाही.
कवी नारायण सुर्वे याच गिरणगावात वाढले. पालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले. त्यांना अक्षरओळख करून देणाऱ्या कुणालाही तेव्हा पुढचं दिसलं नसणार. हे आठवलं की मन थोडं शांत होतं.
माझे आठवडे संपले. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाला 'मार्ग' हा शब्द आला. डॉ. आंबेडकर मार्गाची पाटी त्याने रफारासकट वाचली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. 'प्रभादेवी' अजून येत नाही. 'प्र'पाशी जीभ अडते.
शेवटच्या दिवशी मी एका कागदावर ३१ नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे, कुठपर्यंत येतंय ते. कॉलेजच्या फाइलला तो कागद नको होता. मी तो बाईंच्या कॅटलॉगमध्ये ठेवला. तिसऱ्या बाकावरच्या मुलापुढे लिहिलंय: 'वाचतो. जोडाक्षरापाशी थांबतो. थांबू द्यावं. शब्द सांगू नये, त्याचा तो काढतो.'