तिसऱ्यांचा धंदा आणि किलोतले १४०० नग

शिरपूर जैनमध्ये बसून शिंपल्यांचा धडा कशाला, असं वाटेल. आपल्याकडे समुद्र नाही, आणि या तीर्थाच्या गावात तिसऱ्या विकायला कोणी बसणारही नाही. पण गट करून धंदा करायचा असेल, तर हे उदाहरण बघाच.

कोकणात ज्यांना तिसऱ्या म्हणतात, तसे शिंपले केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात होतात. कोणी पेरत नाही, कोणाच्या मालकीचे नाहीत. पाण्यात उतरायचं आणि काढायचे. १९८० नंतर व्हिएतनाम, थायलंड, मलेशियातून मागणी आली. १९९१ मध्ये वर्षाचा माल १०,००० टनांवर गेला, आणि १९९३ मध्ये निम्म्यावर आला. कारण साधं आहे. लहान शिंपला मी उद्यासाठी सोडला, तर शेजारचा आज काढणार. मग सोडायचा कोणी?

केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासावरून नियम ठरले. डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे प्रजननाच्या काळात, काढणी बंद. जाळ्याची छिद्रं ३० मिलिमीटरची, म्हणजे बारीक माल खाली पडतो. यंत्राने काढायचं नाही. आणि निर्यातीच्या एक किलो मांसात १४०० पेक्षा जास्त नग नकोत. लहान शिंपले काढले की किलोत नग वाढतात, मग तो माल निर्यातीला चालत नाही.

मला हा शेवटचा नियम सगळ्यात पक्का वाटतो. बाकीचे पाण्यात पाळायचे, तिथे रोज कोण बघणार? हा मात्र पैसे हातात पडतात तिथेच लागतो. माल पुन्हा १०,००० टनांच्या आसपास आला. मच्छीमार, निर्यातदार, शास्त्रज्ञ आणि सरकारी खातं एकत्र बसू लागले. २०१४ मध्ये अष्टमुडीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. सुमारे ३,००० लोकांचं पोट या धंद्यावर होतं.

पुढचंही सांगतो, नाहीतर धडा अर्धाच राहील. अलीकडे तिथे तिसऱ्या पुन्हा घटल्या. सरोवराचं पाणी बिघडलं, मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा परका शिंपला पसरला. काढणाऱ्यांचे नियम त्याला काय करणार? संस्थेला केंद्रात तयार केलेलं बीज सरोवरात सोडावं लागलं.

आता आपल्याकडे या. दहा जणांनी मिळून सोयाबीन विकायचं ठरवलं. एकाने ओली पोती मिसळली की भाव सगळ्या गाडीचा पडतो. "सगळ्यांनी वाळवून आणा" हे बैठकीत ठरवून भागत नाही. ओलावा मोजायचं यंत्र वजनकाट्याशेजारी ठेवा, पोतं आधी तिथे मोजा, मगच नाव वहीत चढवा. आणि ते यंत्र कोणाच्या हातात द्यायचं, हे माल यायच्या आधी ठरवा. माझं मत विचाराल, तर गटातल्या ज्याचा माल त्या दिवशी नाही, त्याच्या हातात.